साठचे आठ

माझा धंदा टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचा, दुकान औशाच्या बाजारपेठेत, आणि हौस हॅम रेडिओची. गिऱ्हाइकाच्या सेटमधली खरखर काढून पोट भरणारा माणूस मी. पण स्वतःच्या सेटमधली खरखर कुठून येते ते कळायला मला काही वर्षं लागली. तेवढ्या काळात मी इतक्या जणांना दोषी धरलं की त्यातले काही आजही बाजारात समोरून आले तर मीच आधी नजर चुकवतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यायची, लायसन्स काढायचं, व्हीयूपासून सुरू होणारं कॉलसाइन मिळतं. मग घरातला सेट आणि गच्चीवर ताणलेली तार एवढ्यावर दुसऱ्या हॅमशी बोलता येतं. मध्ये टॉवर नाही, कंपनी नाही, रिचार्ज नाही. माझा मुक्काम जास्त करून सात मेगाहर्ट्झवर, ज्याला आम्ही चाळीस मीटरचा बँड म्हणतो. सकाळी तिथं सोलापूर, पुणे, हैदराबाद अशी मंडळी भेटतात. रात्र चढली की जवळची माणसं नाहीशी होतात आणि दिल्ली, कोलकाता, आखाती देश ऐकू येतात.

हे खूळ डोक्यात शिरलं ते किल्लारीमुळं. किल्लारी आमच्याच तालुक्यातलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायला काही मिनिटं असताना जमीन हलली; आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, माणसं दमून झोपलेली. दगड-मातीच्या भिंती आणि वरची जाड धाब्याची माती अंगावर आली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा दुकानात शिकाऊ होतो. नंतरच्या दिवसांत बाहेरून जी मदत आली त्यात हॅम लोकही होते, हे मला पुढं कळलं. टेलिफोन ठप्प असताना तार ताणून, बॅटरीवर सेट लावून निरोप पोचवता येतो, ही गोष्ट माझ्या डोक्यातून गेली नाही. लायसन्स मात्र बऱ्याच वर्षांनी काढलं, धंदा जरा बसल्यावर.

तेव्हा औशात लोडशेडिंग जोरात होतं. लाईट गेली की गल्लीत बोंब, आणि मी खूश. सेट बॅटरीवर, सगळं गाव बंद, आणि बँड असा स्वच्छ की कोलकात्याचा माणूस मायक्रोफोनसमोर खाकरला तरी ऐकू यावं. सेटवर एक काटा असतो, एस-मीटर. एस नऊ म्हणजे अँटेनातून पन्नास मायक्रोव्होल्ट आले. तिथून एकेक आकडा खाली उतरलो की व्होल्टेज निम्मं, निम्मं होत जातं. लोडशेडिंगमध्ये माझा काटा एस एकवर पडलेला असायचा.

पुढं लोडशेडिंग कमी झालं, घरात इन्व्हर्टर आला आणि काटा चढत गेला. एका दिवसात चढला असता तर बरं झालं असतं, मी लगेच शोधलं असतं. तो महिन्या-महिन्यानं चढला आणि मला सवय होत गेली. एस तीन, एस पाच, मग कायमचा एस आठ. एस आठची खरखर असेल तर एस पाचनं येणारा माणूस तुमच्यासाठी नसतोच. तो तिकडं घसा ताणून तुमचं कॉलसाइन घेतोय आणि तुम्ही म्हणताय, आज बँड मेलाय.

मी पहिली चूक केली ती पैसे घालून. ऐकू येत नाही, तर पॉवर वाढवू. जनरल ग्रेडच्या लायसन्सला चारशे वॉटपर्यंत मुभा आहे. मी सेटच्या पुढं अॅम्प्लिफायर जोडला. हिशेब करायला पाहिजे होता, आणि तो मला येत होता. पन्नास वॉटचे चारशे केले तर समोरच्याच्या काट्यावर जेमतेम दीड आकडा वाढतो. आणि माझ्या कानाचं काय? कानाला त्याचा काडीचाही उपयोग नाही. मी दणकून 'सीक्यू', म्हणजे 'कुणी ऐकतंय का' ही हॅमची हाक, ओरडत होतो, लोक उत्तरं देत होते, मी त्यांच्या उत्तरावरच पुन्हा सीक्यू घालत होतो. जगभरचे हॅम अशा स्टेशनला मगर म्हणतात, तोंड मोठं आणि कान बारके. हा शब्द माझ्याबद्दल वापरला गेला, तोही माझ्या माघारी नव्हे, माझ्याच फ्रिक्वेन्सीवर. मला ऐकू आला नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी एकानं फोन करून सांगितलं.

ह्या अॅम्प्लिफायरची दुसरी गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. आमच्या घराजवळ सप्ताह बसला होता. संध्याकाळी कीर्तन ऐन रंगात, मी घरात सेटवर. मध्येच मंडपातल्या भोंग्यातून 'व्वाक्, व्वाक्-व्वाक्' असा बदकाचा आवाज यायला लागला. महाराज थांबले, टाळकरी थांबले. मीही ऐकायला थांबलो, तर आवाजही थांबला. मला कळायला पाहिजे ते कळलं. मायक्रोफोनच्या लांबच लांब तारा म्हणजे फुकटची अँटेना. माझी पॉवर तिच्यात शिरायची, मिक्सरच्या पहिल्या ट्रान्झिस्टरनं तिचं ऑडिओत रूपांतर केलं की आमचं सिंगल साइडबँडचं बोलणं असं बदकासारखं बाहेर पडतं. हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तरी खात्री करायची म्हणून मी बटण पुन्हा दाबलं आणि 'हॅलो टेस्टिंग' म्हणालो. भोंगा पुन्हा ओरडला. कीर्तन चालू असताना मी हे केलं.

मंडपातले लोक साउंडवाल्यावर तुटून पडले. मी सेट बंद केला, मंडपात जाऊन मागं बसलो आणि काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोरगा मिक्सर खांद्यावर घेऊन माझ्याच दुकानात आला. "भाऊ, काल लई इज्जत गेली. बघा काय बिघडलंय." मी मिक्सर उघडला, धूळ झटकली, दोन सोल्डर पुन्हा मारल्यासारखे केले आणि पैसे घेतले. फार नाही, पण घेतले. संध्याकाळी मी सेट लावला नाही, म्हणून मिक्सर नीट वाजला, आणि गावात माझ्या हाताचं कौतुक झालं. सप्ताह कमिटीनं त्याचे काही पैसे कापले होते, ते मला नंतर कळलं. खरं काय ते मी त्याला पुढच्या वर्षी सांगितलं, पैसे परत दिले आणि मिक्सरच्या मायक्रोफोन वायरींना फेराईटच्या रिंगा घालून दिल्या. तो हसला. "म्हणजे तुम्हीच बिघडवायचं अन् तुम्हीच दुरुस्त करायचं? धंदा बरा आहे की तुमचा."

आता वायरमनची गोष्ट.

माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की खरखर खांबावरून येते. तसं होतंही, इन्सुलेटर तडकला किंवा जंपर ढिला झाला की ठिणग्या पडतात आणि आपल्या पन्नास हर्ट्झच्या विजेत सेकंदाला शंभर वेळा 'घर्र' उठते. धूळ बसली की वाढते, चांगला पाऊस पडला की बहुतेक वेळा कमी होते. माझी खरखर पावसाळ्यात कमी होत नव्हती. ही गोष्ट मी स्वतःच्या वहीत लिहून ठेवली होती आणि तरी खांबालाच धरून बसलो होतो. वीज कंपनीच्या ऑफिसात अर्जावर अर्ज दिले. शेवटी एक वायरमन आला. उन्हाळ्याची दुपार, लोखंडी खांब तापलेला. त्यानं वर चढून क्लँप आवळले, जंपर बदलला. मी गच्चीवरून ओरडलो, "तसाच आहे आवाज." मग तो बिचारा डीपीवर गेला आणि त्यानं फ्यूजच काढले. सगळी गल्ली बंद. मी सेट बॅटरीवर लावून ऐकलं: खरखर तशीच, एस आठ. मी विजयी मुद्रेनं खाली आलो. म्हणालो, "बघा, गल्लीची लाईन नाही, मागची मोठी लाईन आहे."

तो दारात पाणी पीत उभा होता. आत बघून म्हणाला, "भाऊ, सगळ्या गल्लीची लाईट गेलीय, तुमच्या घरात पंखा फिरतोय."

"इन्व्हर्टर आहे," मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो.

खरखरीचं उत्तर त्यानं माझ्या हातात दिलं होतं. मी मोठ्या लाईनीविषयी आणखी एक अर्ज लिहिला.

पुढं कधीतरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालायचं म्हणून तो पूर्ण बंद केला आणि नेमकी तेव्हाच लाईटही गेलेली होती. सेट त्याच्या स्वतःच्या बॅटरीवर चालूच राहिला होता. खोलीत पाऊल टाकलं तर पुण्याचे एक जुने हॅम बोलत होते, शब्दन् शब्द कळत होता. काटा एस तीनवर. मी तिथंच खाली बसलो. मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: इन्व्हर्टर चालू, घरातली एकेक पिन काढायची आणि काट्याकडं बघायचं. राउटर काढला, किंचित फरक. टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स, थोडा फरक. बल्ब, नाही. पंखे, नाही. सगळं काढून झालं तरी काटा सातच्या वरच. अजून काय चालू असणार घरात? कशातूनच काही सापडेना तेव्हा देवघराकडं लक्ष गेलं. विठोबाच्या तसबिरीमागं एलईडीची माळ, बाराही महिने पेटलेली. विजेवर चालणारी वस्तू म्हणून ती कुणाच्या हिशेबातच नव्हती. पिन काढली आणि काटा धाडकन खाली आला.

आईला भीत-भीत सांगितलं. ती म्हणाली, "मग काढ की. मी मागितली होती का माळ? तूच आणलीस दिवाळीला."

अॅडॅप्टर दुकानात नेऊन फोडला. हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून जरा विस्तारानं सांगतो. हल्लीचे चार्जर, बल्ब, अॅडॅप्टर सगळे स्विच-मोडवर चालतात. आतला ट्रान्झिस्टर विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतो. तुकडे जितक्या झटक्यानं पडतात तितके त्यांचे पडसाद वरच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत, सात मेगाहर्ट्झच्याही पुढं जातात. ते बाहेर निसटू नयेत म्हणून पिनेच्या तोंडाशी एक दुपदरी कॉइल आणि दोन-एक कपॅसिटर बसवायचे असतात. माझ्या अॅडॅप्टरच्या पट्टीवर त्या कॉइलची जागा छापलेली होती, भोकंही पाडलेली होती. कॉइल मात्र नव्हती. तिच्या जागी तारेचे दोन तुकडे आडवे मारून सोल्डर केलेले. कपॅसिटरच्या जागा नुसत्या रिकाम्या. डिझाइन करणाऱ्याला सगळं कळत होतं, विकणाऱ्यानं चार रुपये वाचवले. असे अॅडॅप्टर मी दुकानात रोज उघडत होतो आणि त्या तारेच्या तुकड्यांकडं बघून 'चायना माल' म्हणून बाजूला फेकत होतो. माझ्याच देवघरात तो असेल हे सुचलं नाही.

माळ काढून पाच एस-आकडे मिळाले. पॉवरच्या भाषेत हे हजार पट होतात. म्हणजे मला ऐकू येण्यासाठी समोरच्या प्रत्येकानं जी हजार पट पॉवर लावायला हवी होती, ती मी एक पिन उपटून वाचवली. अॅम्प्लिफायर विकून टाकला. घेणाऱ्याला विचारलं, तुमचा काटा किती असतो. त्याला प्रश्न कळला नाही, आणि मी समजावून सांगितलं नाही. तीही चूकच धरा.

उरलेले तीन आकडे खाली आणायला सेटपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोअॅक्स केबलवर चोक गुंडाळायचा असतो, कारण केबलची वरची जाळी घरातली खरखर गोळा करून अँटेनाच्या टोकाशी नेऊन देते. मी भंगारातल्या कॉम्प्युटर सप्लायमधल्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगा काढून त्यावर वेढे घेतले. त्या लोहभुकटीच्या असतात, ह्या कामाच्या नाहीत. पाहिजे फेराईट, तेही योग्य जातीचं. फुकटात मिळालेल्या रिंगांवर एक अख्खा हिवाळा गेला.

त्या सुमारास फेब्रुवारीत खोडदला गेलो होतो. जुन्नर तालुक्यातली ती मोठी रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या निमित्तानं, ती लोकांना बघायला खुली असते. गोविंद स्वरूप यांनी ती जागा निवडली त्यामागच्या कारणांत एक हेही होतं की तिथं माणसानं केलेली रेडिओ खरखर कमी होती. आता तिथंही आजूबाजूच्या लाईनींवरच्या ठिणग्या शोधत फिरणं आणि ऐकलेल्यातून खरखर गाळणं हे कामाचाच भाग होऊन बसलंय. मला ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. रेडिओ खगोलशास्त्राचा जन्मच खरखरीच्या तक्रारीतून झालेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कार्ल जान्स्की समुद्रापलीकडच्या शॉर्टवेव्ह टेलिफोनमध्ये कुठली खरखर येते ते शोधत होता. वीजवादळं वेगळी काढल्यावर एक बारीक फुसफुस उरली, जी दर २३ तास ५६ मिनिटांनी टिपेला जायची. सूर्याच्या नव्हे, ताऱ्यांच्या दिवसाप्रमाणं. ती आकाशगंगेतून येत होती. जान्स्कीनं जवळचं सगळं वजा केल्यावर लांबचं नाव घेतलं. मी उलट्या बाजूनं सुरुवात केली होती.

आणि एवढं शिकून घरी आलो, तरी पुन्हा तेच केलं. श्रावणातल्या रात्री चाळीस मीटरवर 'टक्... टक्... टक्' सुरू झालं. सेकंदाला एक, एका तालात, पहाटेपर्यंत. मला लगेच जुनी गोष्ट आठवली. १९७६ पासून पुढं तेरा वर्षं सोव्हिएत युनियनचं एक प्रचंड रडार, चेर्नोबिलजवळचं, शॉर्टवेव्हवर सेकंदाला दहा टोले मारायचं. जगभरच्या हॅमनी त्याचं नाव सुतार पक्षी ठेवलं होतं. मी सकाळच्या गप्पांमध्ये ठामपणे सांगितलं की असंच कुठल्यातरी देशाचं नवं रडार सुरू झालंय. दोघा-तिघांनी मान्यही केलं, त्यांनी तो आवाज ऐकलेला नसतानाही. सोलापूरच्या एका म्हाताऱ्या हॅमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्याकडं रानडुकरांचा त्रास आहे का हो?"

झटका मशीन. शेताभोवती तार, तारेत बॅटरीवरच्या मशीनचा सेकंदा-दीड सेकंदानं एक झटका. (हे मशीन वेगळं आणि तारेत थेट वीज सोडणं वेगळं. दुसऱ्यानं माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे.) आमच्या घरामागच्या शिवारात एका मामांनी मक्याभोवती ते लावलं होतं. मी संध्याकाळी त्यांच्या आखाड्यावर गेलो. "मामा, आजची एक रात्र मशीन बंद ठेवता का? मला एक खात्री करायचीय." त्यांनी कारण विचारलं, मी रेडिओबद्दल बरंच बोललो. त्यातलं त्यांना काय कळलं देव जाणे, पण शेजारचा माणूस मागतोय म्हणून त्यांनी मशीन बंद ठेवलं. रात्री टकटक गायब. मी वहीत वेळ लिहिली, खाली रेघ ओढली आणि समाधानानं झोपलो.

सकाळी मामांचा मका आडवा झालेला होता. सगळा नाही, ओढ्याकडची बाजू. कणसं चावून टाकलेली, ताटं चिखलात लोळलेली. मामा बांधावर उभे होते. मला बघून म्हणाले, "तुमचं काम झालं ना भाऊ?"

टोमणा नव्हता तो. म्हणूनच ऐकवला नाही.

मशीन बंद ठेवायची काही गरज नव्हती. खिशात मावणारा ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, स्टेशन नसलेल्या जागी लावायचा आणि तारेच्या कडेनं चालत जायचं. ट्रान्झिस्टरमधल्या फेराईटच्या कांडीचं टोक आवाजाकडं झालं की आवाज पडतो, आडवी झाली की वाढतो. त्यावरून दिशा मिळते. हे मी दुसऱ्या रात्री मामांच्या पोराला सोबत घेऊन केलं. पश्चिमेच्या बांधाला गवत वाढून तारेला टेकलं होतं, आणि दोन ठिकाणी इन्सुलेटर नाही म्हणून तार ओल्या बांबूलाच गुंडाळलेली. बॅटरी विझवून बघितलं तर तिथं दर टक्याला निळी ठिणगी. गवत कापलं, बांबूवर प्लॅस्टिकचे इन्सुलेटर ठोकले. टकटक जवळजवळ गेली, आणि वर मामांच्या तारेचा झटका वाढला, कारण जी वीज गवतातून जमिनीत मुरत होती ती तारेत राहायला लागली. मक्याचे पैसे द्यायला गेलो तर घेतले नाहीत. तेव्हापासून पावसाळ्यात बांधाचं गवत कापायला मी जातो. सोलापूरच्या काकांना सगळं कळवलं, आणि सकाळच्या गप्पांत रडारचं विधान मागं घेतलं. ते माझ्या तोंडून निघायला अॅम्प्लिफायर विकण्यापेक्षा जड गेलं.

आता साठ आणि आठ.

एका ३० सप्टेंबरला आम्ही काही जणांनी सराव ठेवला. दोघं किल्लारीजवळच्या माळावर, मी औशात एका शाळेच्या मैदानावर, भोवती मुलं. भूकंप झालाय असं धरायचं, तिकडून मदतीची मागणी येणार, ती मी लिहून घेणार. अंतर पंचवीस-तीस किलोमीटर, दिवसाची वेळ. जरा बुटकी बांधलेली तार असेल तर सात मेगाहर्ट्झ त्याला उत्तम. सेट बॅटरीवर ठेवला. इतपत शिकलो होतो. पण मुलांना काहीतरी दाखवावं म्हणून लॅपटॉप मांडला, त्याला छोट्या जनरेटरवरून लाईट दिली आणि लॅपटॉपचा चार्जर नेमका अँटेनाच्या तारेखाली, गवतात पडलेला. काटा एस सहा-सातवर. ऐकू येत होतं. 'चालतंय' म्हणून मी पुढं गेलो.

तिकडून निरोप आला: तंबू इतके, ताडपत्र्या इतक्या, पाण्याचे टँकर इतके. मी तंबू आठ लिहिले. नियमाप्रमाणं वाचून दाखवलं, "तंबू आठ." तिकडून उत्तर, "बरोबर."

दुपारी कागद शेजारी-शेजारी ठेवले. त्यांच्या कागदावर साठ.

सिंगल साइडबँडच्या सेटमधून साधारण पावणेतीन हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो. 'स'चा जोर त्याच्या वर असतो, म्हणजे तो मुळातच अर्धा कापलेला. जी थोडी फुसफुस उरते ती खरखरीसारखीच असते, तिच्यात विरघळून जाते. साठमधला 'स' गेला की उरतो आठ. आणि वाचून दाखवण्याचा नियम आम्हाला वाचवू शकला नाही, कारण तिकडच्या माणसाच्या डोक्यात साठ होते. त्यानं माझा आठ ऐकून साठ समजला. दोघांनीही नियम पाळला आणि दोघंही चुकलो. चार्जर काढायला एक सेकंद लागला असता, किंवा 'सहा शून्य' असे सुटे आकडे म्हणायला दोन. सुटे आकडे सांगायचे हे मी त्याच सकाळी मुलांना फळ्यावर लिहून दिलं होतं.

कागद बघत असलेल्या मुलींतली एक म्हणाली, "काका, म्हणजे बावन्न तंबू कमी."

तंबूमागं पाच-सहा माणसं धरली तर किती होतात, हे ती पुढं मोजायला लागली. मी तिला थांबवलं नाही.

हल्ली आमच्या सरावात एकजण नुसता काटा बघायला असतो. त्याला बोलायचं काम नाही. काटा तीनच्या वर गेला की त्यानं निरोप थांबवायचा आणि वर्तुळात फिरून काय चालू आहे ते शोधायचं. ही जागा आम्ही मुद्दाम सगळ्यात नव्या पोराला देतो, कारण जुन्यांना खरखर ऐकू येईनाशी झालेली असते.

यंदा नवीन पाहुणा आलाय. सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून आमच्याच शेतात पंप बसला. अर्जावर भावाच्या बरोबरीनं माझीही सही. पॅनेलवरची वीज मोटारीला चालेल अशी करून देणारा जो कंट्रोलर असतो तो सूर्य वर आला की चाळीस मीटरवर बसतो आणि मावळला की उठतो. म्हणजे नेमकी सोलापूर-पुण्याची वेळ गेली. पॅनेलच्या दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन बांधल्या, दोन्ही टोकांना फेराईटच्या रिंगा चढवल्या, कंट्रोलरचं अर्थिंग नव्यानं केलं. काटा नऊवरून साडेसहावर आलाय. अजून मोटारीकडची केबल राहिलीय. भावाला रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन मोटार चालू करायला रानात जावं लागत नाही आता, त्यामुळं पंप बंद ठेव असं मी ह्या जन्मात म्हणणार नाही. रविवारी केबलला हात घालू का म्हणून त्याला विचारलं. म्हणाला, "पाणी थांबायचं नाही, बाकी तुला काय गुंडाळायचं ते गुंडाळ."